खोट्या खांबांची बाजू

तरन्नुमचा फोन आला तेव्हा मी शारजाच्या बाहेर एका साइटवर होते. समोर काँक्रीटचा पंप घरघरत होता, त्यामुळे ती काय म्हणतेय ते पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. मी पंपापासून लांब गेले. "मेधाताई, आपा गेल्या," ती पुन्हा म्हणाली. तरन्नुम म्हणजे आपांची भाची, शेवटचं वर्षभर त्यांच्याजवळ राहिलेली. "जोहरच्या, दुपारच्या नमाजनंतर नेतील. बायका सगळ्या घरीच आहेत, तुम्ही पण या." मी फोरमनला सांगितलं, गाडी काढली... आणि गाडीत बसल्यावर पहिला विचार काय यावा, तर या साइटवर पश्चिमेला केवढ्या मोठ्या काचा लावल्यात ते आज आपांना सांगायला हवं. त्या भयंकर संतापल्या असत्या. आता तसं संतापायला कुणी उरलं नाही, हे डोक्यात शिरलं तेव्हा मला गाडी कडेला घ्यावी लागली.

शमीम मुकादम. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून आलेल्या आर्किटेक्ट. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी शारजात आणि दुबईत लोकांची घरं बांधली. आम्ही सगळे त्यांना शमीमआपा म्हणायचो. त्या दिवशी त्यांच्या फ्लॅटमध्ये कोकणातल्या बायका कुराणातलं यासीन वाचत बसल्या होत्या. मला ते वाचता येत नाही, मी कोपऱ्यात ऐकत बसले. कुणीतरी न विचारता माझ्या हातात चहा दिला. मोठ्यानं कुणीच रडलं नाही. आपांना ते चाललंही नसतं.

पुढं काही दिवसांनी त्यांच्या जुन्या ओळखीच्या लोकांनी झूमवर शोकसभा घेतली. मुंबई, पुणे, मस्कत, दुबई असे सगळीकडचे लोक जमले होते. बोलणारे चांगलं बोलले. शेवटी पुण्याचे एक ज्येष्ठ वास्तुविशारद बोलायला आले, आपांच्या कॉलेजातले, त्यांना दोन वर्षं सीनियर. ते म्हणाले, "शमीमच्या हातात फार ताकद होती. ती भारतात राहिली असती तर तिच्या हातून काहीतरी अस्सल घडलं असतं. तिकडं वाळवंटात बिचारीला जन्मभर नकली इटली बांधत बसावं लागलं..." मी ताबडतोब माइक चालू केला आणि "सर, एक मिनिट" म्हटलं. पण संयोजकांना वाटलं चुकून माझा आवाज आला, आणि त्यांनी मला म्यूट केलं. मी हात वर केल्याचं चिन्ह दाबत राहिले, तोवर सभा दोन मिनिटांच्या मौनापर्यंत पोचली होती.

तेव्हा सर, ते एक मिनिट मी आता इथं घेते.

मी लग्न होऊन पुण्याहून दुबईत आले आणि तिथल्या देरा भागातल्या एका कन्सल्टन्सीत नोकरीला लागले, तिथं आपा डिझाइनच्या प्रमुख होत्या. खादीची सैलसर सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी, आणि आवाज असा की ऑफिसच्या दुसऱ्या टोकाचा ऑफिसबॉय दचकायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढं एका प्लॉटचा नकाशा टाकला आणि विचारलं, "उत्तर कुठाय?" मी कागदावरच्या बाणावर बोट ठेवलं. "कागदावरची नको गो. इथून, या खुर्चीतून दाखव." मला दाखवता येईना. त्यांनी मला हाताला धरून खिडकीशी नेलं, आणि उन्हाची तिरीप कुठून कुठं सरकते ते दाखवलं. "पुण्यात उत्तर हुकली तर माणूस पंखा लावतो," त्या म्हणाल्या, "इथं हुकली तर सात पिढ्या भाजतात. यल्ला, चल, पुन्हा काढ." माझ्या मराठीत तोवर यल्ला नव्हतं. त्या दिवसापासून आलं.

त्यांचे वडील बोटीवर होते. घरी यायचे तेव्हा वेगवेगळ्या बंदरांची चित्रकार्डं आणायचे, आणि आपा म्हणे त्यातली माणसं सोडून फक्त इमारती बघायच्या. मुलगी घरं बांधायचं शिकायला मुंबईला जाणार म्हटल्यावर गावात बरंच काही बोललं गेलं. आईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि मुलीला गाडीत बसवलं. लग्न झालं ते इक्बालभाईंशी. त्यांचं शारजात फरशा आणि सॅनिटरीचं दुकान होतं. गंमत म्हणजे ते गृहस्थ जितके हळू बोलत तितक्याच आपा मोठ्यानं. संध्याकाळी ते आपला पिकअप घेऊन ऑफिसखाली उभे असत, आणि आपा कामात असल्या तर तासतासभर तिथंच पेपर वाचत बसत. ते अचानक हृदयविकारानं गेले तेव्हा आपा चाळिशीच्या आतबाहेर होत्या. मूलबाळ नव्हतं. गावाहून मोठे दीर आले, त्यांना परत न्यायला. मी त्या दिवशी तिथं होते म्हणून सांगते. दीर भले माणूस होते, मनापासून म्हणत होते, "शमीम, आता इथं तुझं कोण आहे? घर आहे, माणसं आहेत, चल." आपांनी त्यांना आधी जेवायला वाढलं. तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण. त्यांचं जेवण झालं. हात धुवून झाल्यावर म्हणाल्या, "भाईजान, मी इथं इक्बालच्या मागनं आले, ते खरं. पण राहिले ती माझ्या कामासाठी. माझी चार घरं अर्धवट उभी आहेत. ती तशीच टाकून मी येणार नाही." दीर म्हणाले, "ती झाल्यावर?" आपा म्हणाल्या, "तोवर दुसरी चार सुरू होतील, इन्शाल्ला." दीर हसले. रडलेही. आणि एकटेच परत गेले.

आता त्या घरांविषयी. गिऱ्हाईक यायचं, त्याच्या फोनमध्ये किंवा आधीच्या काळात मासिकातल्या कात्रणात एक फोटो असायचा. इटलीतली जुनी हवेली. समोर खांब, खांबांवर त्रिकोण, मधोमध जिना. "मला असं हवं." दुबईतले अर्धे तरुण आर्किटेक्ट असं काम आलं की डोळे फिरवायचे, त्याला लग्नाचा केक म्हणायचे. आपा डोळे फिरवत नसत. त्या गिऱ्हाइकाच्या बायकोला विचारायच्या की घरातली माणसं दुपारी कुठं बसतात, पाहुणे किती येतात, आजोबांना किती पायऱ्या चढवतात. मग त्या इटलीचं तोंड उत्तरेकडं वळवायच्या. खांबांच्या मागचा व्हरांडा फोटोत असायचा त्याच्या दुप्पट खोल करायच्या. गिऱ्हाईक कुरकुरायचं, फोटोत असं नाही म्हणून. आपा म्हणायच्या, "फोटोत ऊन पण आपलं नाही." खांब मात्र विटांचे, आत सळई आणि बाहेरून प्लास्टर, त्यावर दगडासारखा रंग. दुसरं परवडण्यासारखं काही नव्हतंच. साइटवर आलेला प्रत्येक शहाणा माणूस त्या खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि हसायचा. आपा बघत राहायच्या.

एकदा मी सरळ विचारलं होतं, "आपा, तुम्हाला हे खरंच आवडतं?" त्या पेन्सिलीला टोक काढत होत्या. म्हणाल्या, "सिंह आवडत नाहीत. फाटकावरचे. ते मी नाइलाजानं लावते." आणि टोक बोटावर तपासत, "बाकीचं मला आवडतं गो. पण ते मी कुणाला सांगत नाही, कारण मग लगेच का म्हणून विचारतात, आणि त्याचं उत्तर मला येत नाही."

ते उत्तर मिळालं ते माझ्या मुलीमुळं. ईरा तेव्हा सातवीत होती, शाळेत रेनेसाँवर प्रोजेक्ट होता. एका शुक्रवारी आपा आमच्याकडं सिलिकॉन ओएसिसला जेवायला आल्या होत्या, तर ईरानं लॅपटॉप त्यांच्यापुढं धरला. उत्तर इटलीतली एक हवेली, पाचेकशे वर्षांपूर्वीची, बरीच वर्षं पडीक होती आणि नुकतीच दुरुस्त करून लोकांना खुली केलेली. ईरा म्हणाली, "आपा, दिस इज द रियल वन. युअर्स आर फेक, राइट?" मी आणि माझा नवरा मंदार एकदमच ओरडलो, "ईरा!" पण आपांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. बराच वेळ त्यांनी तो फोटो मोठा करकरून बघितला. मग मला म्हणाल्या, "मेधा, इतकी वर्षं मी ह्यांची नक्कल करते, आणि एकाही घरात मी पाय ठेवलेला नाही. चल, बघून येऊ. खोटं असलं तर खोटं म्हणून येऊ." मंदारनं त्यांच्या गुडघ्यांचा विषय काढला. तेव्हा त्यांना दोन्ही गुडघे दुखायचे, काठी घ्यायला त्या तयार नव्हत्या. "गुडघे पण येतील सोबत," त्या म्हणाल्या.

वसंतात आम्ही दोघीच गेलो. ईराची परीक्षा होती. व्हेनिस बघायला आपा तयार नव्हत्या. "पाण्यात उभी घरं मी लहानपणापासून बघितलीत, खाडीला भरती आली की." आम्ही पुढच्या एका गावात उतरलो आणि टॅक्सी केली. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, सरळसोट उंच झाडांच्या रांगा, आणि त्या रांगांच्या शेवटी ते घर. आपा टॅक्सीतून उतरल्या. फाटकापासून घरापर्यंत आम्ही चालत गेलो, हळूहळू, आणि त्या चालताना नुसत्या मान वाकडी करून डोळ्यांनी मापं घेत होत्या हे मला कळत होतं.

घर दाखवणारी मुलगी किआरा नावाची होती. आपांची चाल बघून ती म्हणाली, बाजूच्या दाराला उतार केलाय, तिथून या. आपांनी मला सांगितलं, "हिला सांग, घर पुढच्या दारानं बघायचं असतं." आणि ती रुंद, उंच पायऱ्यांची रांग त्या माझ्या खांद्यावर भार देऊन चढल्या. मध्ये दोनदा थांबल्या, दोन्ही वेळा पायरीच्या उंचीला नावं ठेवली. वर पोचल्यावर सगळे लोक घराकडं बघत होते, आपा मात्र वळून शेताकडं बघत उभ्या राहिल्या. खांबांची सावली फरशीवर तिरकी पडली होती आणि त्या सावलीत वारा होता. "माझा व्हरांडा ह्याच्यापेक्षा खोल आहे," त्या म्हणाल्या. खुशीत म्हणाल्या.

आत दिवाणखान्याच्या भिंतीभर चित्रं होती. चित्रातच खांब, चित्रातच कोनाडे, कोनाड्यात चितारलेले पुतळे. एका बाजूला अर्धवट उघडं दार आणि त्यातून डोकावणारी एक मोलकरीण. आपा त्या दाराकडं गेल्या आणि कडी धरायला हात पुढं केला... कडी नव्हती. दारही नव्हतं. सपाट भिंतीवर रंगवलेलं होतं सगळं. किआरा धावत आली, "प्लीज, हात लावू नका." आपांनी हात मागं घेतला आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की पलीकडच्या खोलीतले लोक बघायला आले. "अगो, खोटं दार! इतक्या मोठ्या माणसाच्या घरात खोटं दार!" किआरानं समजावलं की खोलीच्या दुसऱ्या बाजूला खरं दार होतं, त्याच्या समोर दार हवं म्हणून हे रंगवलं, दोन्हीकडं सारखं दिसावं म्हणून. "मला माहितीये कशासाठी ते," आपा म्हणाल्या. "मी पण हेच करते. मी प्लायवूडचं करते."

पण खरी गोष्ट पुढं घडली. घराच्या मागच्या बाजूला दुरुस्ती अजून चालू होती. परांची बांधलेली होती, आणि एका खांबाचं जुनं फुगलेलं प्लास्टर काढून टाकलं होतं. आम्ही तिथून जात होतो आणि आपा एकदम थांबल्या. उघड्या पडलेल्या खांबात विटा होत्या. पाचरीच्या आकाराच्या, गोलाकार रचलेल्या, लाल मातीच्या विटा. आपांनी किआराला हाक मारली. हा एकच खांब असा आहे का? किआरा सहज म्हणाली, नाही, सगळेच विटांचे आहेत. पुढचेसुद्धा. दगड महाग होता, लांबून आणावा लागायचा. म्हणून विटांचे खांब करायचे, वरून चुना आणि संगमरवराच्या भुकटीचा गिलावा द्यायचा, घासून चकचकीत करायचा, की दगडासारखा दिसतो. या भागातल्या पुष्कळ हवेल्या अशाच आहेत.

मला वाटलं आपा आता पुन्हा हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला. "हिला विचार," त्या मला म्हणाल्या, इंग्रजी उत्तम येत असूनही मलाच म्हणाल्या, "हे सगळ्यांना माहितीये?" किआरा म्हणाली, हो, पुस्तकांत आहे, शिकणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. "पुस्तकांत आहे!" आपा मराठीतच ओरडल्या. "पुस्तकांत आहे आणि माझ्या एका मास्तरानं मला सांगितलं नाही! जो तो येतो, माझ्या खांबावर टकटक करतो, दात काढतो. इटलीचं खरं, शमीमचं खोटं. ह्यांनी वीट लावली तर ती कला, आणि मी लावली तर केक?" किआरा बावरून माझ्याकडं बघायला लागली. मी तिला एवढंच सांगितलं, की या बाईंनी असे पुष्कळ खांब बांधलेत. त्यावर किआरानं काय करावं? ती परांचीच्या अडसरापलीकडं गेली, खाली पडलेल्या ढिगातून विटेचा एक तुटका कोपरा शोधून आणला आणि आपांच्या हातात ठेवला, नुसता बघायला. आपांनी तो उलटापालटा केला, नखानं खरवडला, वास घेतला. "चांगली भाजलीये," त्या म्हणाल्या, आणि परत दिला. राग उतरला होता.

मग त्यांनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. बांधणारा कोण? व्यापारी घराणं. शहरात समुद्रावरच्या व्यापारात कमावलं, आणि मग इकडं शेतजमीन घेऊन ही हवेली बांधली. आपांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "म्हणजे आमच्या गावचा कुवेतवाला! त्याच्या बंगल्याला पण असेच खांब आहेत, आणि लोक असेच हसतात." धान्य कुठं ठेवायचे? वर माळ्यावर, कारण भाराखाली घर घट्ट बसतं आणि वर कोरडं राहतं. वर जायला एक अरुंद आतला जिना होता. किआरानं नको म्हटलं, मी नको म्हटलं. आपा चढल्या. वर लाकडाच्या जाडजूड तुळया होत्या, आणि तुळयांना ओळीनं लोखंडी आकडे. मधल्या काळात मालकांचे दिवस फिरले तेव्हा इथं कुणी रेशमाचे किडे पाळले होते, त्यांच्या टोपल्या या आकड्यांना टांगायचे, आणि किड्यांना ऊब मिळावी म्हणून शेगड्या पेटवायचे, त्या धुरानं खालची चित्रं काळवंडली होती. ती साफ करायला कितीतरी वर्षं लागली. आपांनी विचारलं, "मग दुरुस्त करताना तुम्ही कुठलं घर परत आणलं? पहिल्या मालकाचं, की किडेवाल्यांचं?" किआरा प्रथमच मनापासून हसली. म्हणाली, यावरून आमच्या लोकांत फार भांडणं झाली. शेवटी चित्रं साफ केली आणि आकडे ठेवले. "बरोबर केलंत," आपा म्हणाल्या, जणू परवानगीची सही त्यांचीच राहिली होती.

उतरताना मात्र गुडघ्यांनी हिसका दाखवला. आम्ही बागेतल्या बाकावर बसलो. आपांनी पिशवीतून भाकरी आणि जवळ्याची चटणी काढली. दुबईहून आणलेली. त्या वासानं शेजारच्या बाकावरचं जोडपं उठून गेलं. आपांना त्याचं काहीच नव्हतं. घराकडं बघत बघत जेवल्या, आणि म्हणाल्या, "तू मला विचारलं होतंस ना, आवडतं का म्हणून? हे घर उन्हातनं आलेल्या माणसाला आधी उभं राहायला सावली देतं, मग आत घेतं. ते मला आवडतं. खांब कशाचा आहे हे विचारायचं नाही, खांबामागं सावली कुणासाठी ठेवलीये ते विचारायचं. आता विचारू दे कुणी मला, का म्हणून." मग बोटं चाटत म्हणाल्या, "सिंह ह्यांच्याकडं पण नाहीत बघ. ती आपलीच चूक."

परत आल्यावर ईरानं उत्सुकतेनं विचारलं, "सो? युअर्स आर रियल?" आपांनी तिला भाषण दिलं नाही. आमच्या जवळच त्यांनी बांधलेलं एक घर होतं, भर दुपारी तिला तिथं नेऊन आधी अंगणात आणि मग व्हरांड्यात उभं केलं. ईरा येऊन म्हणाली, "इट्स अ लॉट कूलर देअर." आपा म्हणाल्या, "लिही तुझ्या प्रोजेक्टमध्ये." तिनं लिहिलं. टीचरनं पुढं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

त्यानंतर आपांच्या खांबावर कुणी टकटक केली की त्या म्हणायच्या, "जोरात करा, विटेचाच आहे, इटलीत पण विटेचाच असतो." तरुण पोरांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. पुढं मूत्रपिंडांचा आजार निघाला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागायला लागलं. गावाकडून पुन्हा निरोप आले. रत्नागिरीतही आता सगळं मिळतं, चल. तरन्नुमला त्यांनी सांगितलं, "ज्याला माझ्याजवळ राहायचंय त्यानं इकडं यावं." म्हणून ती आली. शेवटच्या भेटीत त्या अगदी बारीक झाल्या होत्या, पण आवाज होता. नर्सला पलंग फिरवायला लावत होत्या, पश्चिमेचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मेल्यावर लोक मला बिचारी म्हणतील. एकटी, मूल नाही, परमुलखात. तू ऐकून घेऊ नको हां." मी म्हटलं, "असं काय बोलता आपा." त्या म्हणाल्या, "मेधा, मी कामाचं बोलतेय."

म्हणून सर, ते एक मिनिट.

अजून एक सांगायचंय. गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसकडं शारजातल्या एका घराच्या नूतनीकरणाचं काम आलं. आपांनी अगदी सुरुवातीच्या वर्षांत बांधलेलं घर, हे मला नकाशे उघडल्यावर कळलं. मालकाचा मुलगा सैफ परदेशात शिकून आलेला, सौम्य स्वभावाचा. त्याला सगळं आधुनिक हवं होतं, काच आणि सरळ रेषा. मला म्हणाला, हे खांब तर काढाच, खोटे आहेत. मी काही बोलायच्या आत व्हरांड्यातून त्याच्या आईचा आवाज आला. उम्म सैफ, सत्तरीच्या पुढच्या, कॉफीची किटली घेऊन तिथं बसल्या होत्या. त्या इथल्या आपल्या लोकांशी बोलायच्या त्या हिंदीत म्हणाल्या, "शमीम बनाया. ये नहीं तोड़ने का. खलास." सैफनं खांदे उडवले. पुढं बोलणी होऊन असं ठरलं की बाकीचं घर त्याच्या मनासारखं, व्हरांडा आईच्या. मागच्या बाजूला काचा लागतील. आपा असत्या तर त्यावर भांडल्या असत्या, मीही भांडले, आणि हरले.

मोजमाप झाल्यावर उम्म सैफनी मला बसवून घेतलं. आपा गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, शमीम इथं यायची. घर झालं, काम संपलं, तरी महिन्या-दोन महिन्यांनी शुक्रवारी संध्याकाळी यायची, चपला काढायची आणि तिथं, त्या दुसऱ्या खांबाशी जमिनीवर बसायची. खुर्ची दिली तर नको म्हणायची. हे मला, त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलेल्या मला, माहीत नव्हतं. मी त्या खांबाकडं बघितलं. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर प्लास्टर काळपट आणि गुळगुळीत झालं होतं, तळहाताएवढ्या जागेत. उठताना गुडघे दुखायचे, म्हणून आपा तिथं हात टेकून उठायच्या. पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं, एकाच जागी. दर वेळी रंगकाम निघालं की रंगारी तो डाग झाकायला जायचे, आणि दर वेळी उम्म सैफ त्यांना हुसकून लावायच्या.

परवा काम सुरू झालं. ठेकेदाराचा माणूस रंगाचा डबा घेऊन त्या खांबापुढं उभा राहिला आणि मला म्हणाला, "मॅडम, ये धब्बा रह गया है." मी त्याला नकाशा उघडायला सांगितला. त्या खांबाभोवती मी लाल पेनानं गोल काढून लिहिलं होतं: जसा आहे तसा. त्यानं वाचलं, डबा उचलला आणि पुढच्या खांबाकडं गेला.